मुद्दाम सोडलेले शब्द

जुलैच्या अखेरीस जार्विस गावात दिसला आणि लोकांची कुजबूज सुरू झाली. आमच्या कोल्टरमध्ये अमेरिकी फुटबॉल न कळणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. त्या दिवसांत मोठ्या संघांची सरावशिबिरं भरतात, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शिबिराच्या दिवसांत जार्विस टॉलिव्हर कधी घरी नसायचा. यंदा मात्र तो क्लीओफस न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकून दाढी करून घेत होता.

क्लीओफसची जीभ त्याच्या वस्तऱ्याहून धारदार. त्याने साबण लावता लावता विचारलं, "काय रे, हाकललं की पळून आलास?"

जार्विस हसला. गुडघा जरा धरलाय म्हणाला, दोन-चार आठवड्यांत जाईन. दुकानातले सगळे गुडघ्यांवर बोलायला लागले. ज्याच्या त्याच्याकडे एक दुखरा गुडघा होताच. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. पोराच्या गुडघ्याला काही झालेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं. सकाळीच तो माझ्या अंगणातून उडी मारून कुंपणापलीकडे गेला होता.

मी त्याचा मामा, होसिया. त्याचे वडील तो रांगत असतानाच शिकागोला गेले आणि तिकडचेच झाले. माझी बहीण अर्लीन माशांच्या कारखान्यात दिवसभर मासे साफ करायची, मी जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे बांधायचो. पोरगा आमच्या दोन घरांच्या मधल्या वाटेवर वाढला. तिकडे जेवायचा, इकडे मार खायचा.

तो लाइनबॅकर. बचावाच्या दुसऱ्या फळीत मधोमध उभं राहायचं आणि चेंडू छातीशी धरून येणाऱ्याला अंगावर घेऊन आडवं करायचं, हे त्याचं काम. त्या कामाला तो उंचीने दोन बोटं कमीच होता. म्हणून नव्या खेळाडूंची निवड झाली त्या वर्षी त्याचं नाव कुणीच पुकारलं नाही. एका संघाने शिबिरात गर्दीला म्हणून बोलावलं. शिबिरात एक माणूस असतो, त्याला सगळे भितात. तो भल्या सकाळी दारावर टकटक करतो आणि म्हणतो, प्रशिक्षकांनी बोलावलंय, डावांची वही घेऊन ये. वही घेऊन ये म्हणजे बॅग भर आणि घरी जा. शेवटच्या सकाळी जार्विस बॅग भरून, बूट घालून पलंगावर बसला होता. पावलं आली, थांबली, आणि टकटक शेजारच्या दारावर झाली. पुढे कितीतरी वर्षं तो सांगायचा की शेजारच्या पोराचं नाव मला कधी विसरता आलं नाही.

मग काही हंगाम तो फक्त लाथेने उडवलेल्या चेंडूमागे धावत सुटायचा. तिथे दोन माणसं समोरासमोरून पूर्ण वेगात येतात आणि धडकतात. एक दिवस मधला लाइनबॅकर जायबंदी झाला आणि त्याचं शिरस्त्राण जार्विसच्या डोक्यावर आलं. त्यात छोटा रेडिओ असतो. प्रशिक्षक कानात डाव सांगतो, आणि त्याने तो बाकीच्या दहा जणांना ओरडून सांगायचा. ते शिरस्त्राण एकदा डोक्यावर चढलं ते त्याने मग कुणाला दिलं नाही. तीन संघ झाले. एकदा अंतिम सामन्याच्या एक पायरी खाली त्याचा संघ हरला. आमच्या भागाबाहेर त्याच्या नावाचा सदरा कुणी पोर घालत नसे, पण रविवारी दुपारी टीव्ही लावला की तो मैदानात असायचाच.

अर्लीनने त्याचा एकही सामना बघितला नाही. रविवारी ती चर्चच्या स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली पातेली पुन्हा धुवायची. सामना संपला की मी तिला सांगायला जायचो. गावातले बाकीचे विचारायचे, जिंकले का. ती विचारायची, उठला का. कारण धडकेनंतर पडलेला माणूस लगेच उठतो की पडून राहतो, एवढंच आईला बघायचं असतं.

न्हाव्याकडून निघून तो माझ्याबरोबर चर्चमागे आला. मागच्या दाराच्या पायऱ्या कुजल्या होत्या, त्या मी बदलत होतो. त्याने फळी धरली, मी खिळे ठोकत होतो. थोड्या वेळाने तो बोलायला लागला.

दर हंगामाआधी खेळाडूंच्या डोक्याची परीक्षा घेतात. संगणकासमोर बसवतात. शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात, आकडे जुळवायला लावतात. मग मध्येच विचारतात, मघाचे शब्द कोणते होते. ते गुण ठेवून देतात. पुढे खेळताना डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा घेतात आणि जुन्या गुणांशी ताडून बघतात. कमी पडले तर बाकावर बसवतात. आणि बाकावर बसलेल्याची जागा दुसरा घेतो, ती परत मिळत नाही.

जार्विस नवा होता तेव्हा थर्मन क्रीडल नावाच्या जुन्या लाइनबॅकरने त्याला बाजूला घेऊन शिकवलं होतं, की पहिल्याच वेळी ढ हो. आधीच कमी गुण पडले असतील तर डोकं बधिर झाल्यावरही तेवढेच पडतात आणि तुला कुणी थांबवत नाही. यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. बूट बांधायला शिकवावं तसं जुने नव्यांना शिकवत होते.

"मामा, दरवर्षी मी काही शब्द मुद्दाम सोडायचो," तो म्हणाला. "कुठले सोडले ते मनात पक्कं असायचं. यंदा नव्या संघाच्या डॉक्टरसमोर बसलो, दोन-तीन सोडले, आणि उरलेले आठवायला गेलो तर सापडेचनात. खोट्या गुणांपेक्षाही खाली गेलो. डॉक्टर म्हणाला, घरी जा. आता मलाच कळत नाही, मी खोटा नापास झालोय की खरा."

माझ्या तोंडात खिळे होते. मी ते काढून हातात घेतले. मग त्याने बाकीचंही सांगितलं. वसंतात पोरीला शाळेतून आणायला निघाला होता. नेहमीच्या चौकात आला आणि डावीकडे वळायचं की उजवीकडे ते त्याला कळेना. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि तो चाकावर हात ठेवून नुसता बसून होता. त्यानंतर तो थर्मनला भेटून आला. थर्मन माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. बायकोने त्याच्या बुटाची नाडी बांधली, तेव्हा त्याने तिचे आभार मानले आणि विचारलं, बाई, तुमचं नाव काय.

म्हणजे पोराला गुडघ्याची नाही, याची धास्ती होती. मी विचारलं, बायकोला सांगितलंस का. नाही म्हणाला. आईला? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी तो प्रश्न परत घेतला.

मी त्याला एवढंच म्हणालो, की कुठल्याही संघाचा नसलेला डॉक्टर शोधायचा, त्याच्यासमोर बसायचं आणि आयुष्यात एकदा खरी परीक्षा द्यायची. त्याने पुढची फळी लावून धरली. म्हणाला, जोवर माहीत नाही तोवर निदान अर्धी आशा तरी आहे. मी म्हणालो, आणि उरलेली अर्धी भीती तुला खाते आहे, तिचं काय. त्या दिवशी एवढ्यावरच राहिलं.

त्याच्या बायकोला, लट्रीसला, त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिला त्याने सांगायची गरजच नव्हती. ती म्हणाली, मी केव्हाची वाट बघतेय तू कधी बोलतोस त्याची. एकच प्रश्न दोनदा विचारतोस, रात्र रात्र टक्क जागा असतोस, आणि खांद्याच्या दुखण्यासाठी गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातोस. मेंफिस शहरातल्या डोक्याच्या डॉक्टरीणबाईंची वेळ तिने आधीच घेऊन ठेवली होती. वर मला म्हणाली, "मामा, ह्याला दूध आणायला पाठवलं तर रिकाम्या हाताने येतो. पण सात वर्षांपूर्वीच्या सामन्यात समोरचा कोण कुठल्या पायावर उभा होता ते विचारा, झोपेतून उठून सांगेल."

जायच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो तर गृहस्थ मागच्या ओट्यावर बसून पाठांतर करत होते. पोरीचं शाळेचं पुस्तक उघडलं होतं. ती शब्द वाचायची आणि हा डोळे मिटून म्हणून दाखवायचा. सफरचंद, पूल, घंटा, चुलत भाऊ. सामन्याआधी समोरच्या संघाच्या चित्रफिती बघून तयारी करतात ना, तसंच.

"अरे, डॉक्टरीणबाई काय तुला हेच शब्द विचारणारेत?" मी म्हणालो. "इतकी वर्षं नापास व्हायची तालीम केलीस, आता पास व्हायची करतोस?"

पोरगी खिदळली. नाओमी तिचं नाव, जिभेला हाड नाही. म्हणाली, बाबा चीटिंग करतोय. जार्विसही हसला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलेलं मला दिसलं. पुस्तक मिटून त्याने बाजूला ठेवलं.

मेंफिसला आम्ही तिघं गेलो. डॉक्टर इंग्रॅम म्हणजे बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांनी आधी लट्रीसला वेगळं बसवून विचारलं, मग मला. तो काय विसरतो, चिडतो का, रस्ता चुकतो का. मी होतं तसं सांगितलं. मग त्यांनी त्याला आत घेतलं आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर बसलो. भिंतीवर माशांची टाकी होती आणि तिच्यात एकच मासा फिरत होता. लट्रीस म्हणाली, त्यालाही बहुतेक वाट सापडत नाहीये. आणि टाकीकडे पाठ करून बसली.

बराच वेळ गेल्यावर दार उघडलं आणि जार्विस एकटाच बाहेर आला. एवढा मोठा माणूस, पण घामाने सदरा अंगाला चिकटलेला. परीक्षा अर्धीच झाली होती.

"मी परत सोडला," तो म्हणाला. "शब्द आठवत होता. तोंडापर्यंत आला होता. आणि मी तो गिळला. मुद्दाम नाही गं, लट्रीस. सवयीने."

लट्रीसने त्याचा हात धरला.  खरं सांगायचं तर मला राग आला होता, पण कुणावर ते कळत नव्हतं. त्या थर्मनवर रागवावं तर तो बिचारा आता बायकोलाच तिचं नाव विचारतो. मी म्हणालो, आत जा आणि बाईंना हेच सांग, जसं मला पायरीवर सांगितलंस तसं. तो म्हणाला, मामा, हे बाहेर पडलं तर मला कुठलाच संघ घेणार नाही. मी म्हणालो, तुला संघाने घ्यायला हवंय की डोकं शाबूत आहे का हे कळायला हवंय, आधी ते ठरव. दोन्ही गोष्टी एका दारातून आत जाणार नाहीत.

तो थोडा वेळ माशाच्या टाकीसमोर उभा राहिला. मग आत गेला, आणि या वेळी त्याने दार उघडं ठेवलं. त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. त्याने पहिल्या शिबिरापासून सांगितलं. थर्मनचं नाव मात्र घेतलं नाही, एका जुन्या माणसाने शिकवलं एवढंच म्हणाला. सांगताना त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही त्याला तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "टॉलिव्हर, या खुर्चीत तुमच्यासारखे पुष्कळ बसून गेलेत. मुद्दाम चुकणारा माणूस आम्हाला ओळखू येतो. तो सोप्या प्रश्नांनाही चुकतो. मी वाट बघत होते की तुम्ही सांगता की मलाच विचारावं लागतं."

आजचे गुण त्यांनी बाजूला टाकले. म्हणाल्या, दोन आठवड्यांनी परत या. तोवर तिथल्याच दुसऱ्या एका डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्याच्या गोळ्या कमी करायच्या आणि झोपेवर उपचार घ्यायचे. डोक्याचा स्कॅनही काढायचा. आणि परत आल्यावर नव्या शब्दांनी, नव्या आकृत्यांनी परीक्षा. जाता जाता त्यांनी विचारलं, शेवटचं सलग झोपलात कधी. त्याला आठवेना, आणि या वेळी ते न आठवण्याला कुणी घाबरलं नाही.

ते दोन आठवडे कठीण गेले. गोळ्या कमी झाल्या तसा खांदा बोंबलायला लागला. आधी चिडायचा, मग चिडल्याबद्दल माफी मागायचा. पण दुसऱ्या आठवड्यात तो दुपारी झाडाखालच्या खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्या घोरायला लागला. लट्रीसने मला फोन करून ते घोरणं ऐकवलं. क्लीओफसने दुकानात जाहीर केलं, की टॉलिव्हरचा गुडघा एवढा जोरात घोरतो की चौथ्या गल्लीत ऐकू येतं. म्हणजे त्यालाही केव्हाच कळलं होतं. गावात काही लपत नाही, फक्त लोक गप्प राहतात.

दुसऱ्या परीक्षेला तो एकटा गेला. निकालाच्या दिवशी तो, लट्रीस आणि मी असे तिघं जाणार होतो. सकाळी मी गाडी काढली तर फाटकाशी अर्लीन उभी. चर्चला जातानाची टोपी डोक्यावर, पर्स पोटाशी धरलेली.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"मेंफिसला. आणि दादा, तू थापा मारू नकोस. लहानपणापासून तुला जमत नाही."

ती मागच्या सीटवर जाऊन बसली. जार्विसने तिला बघितलं आणि तिच्या शेजारी बसला. वाटेत ती त्याला काही विचारेल असं मला वाटत होतं. तिने विचारलं ते एवढंच, की न्याहारी केलीस का.

डॉक्टर इंग्रॅमच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या, मी भिंतीला टेकून उभा राहिलो. अर्लीन अगदी मागे बसली, दाराजवळ. बाईंनी लांबण लावली नाही. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "तुमची स्मृती तुमच्या वयाला साजेशी आहे. खरं तर त्याहून थोडी चांगली आहे. थर्मनसारखं काही मला इथे दिसत नाही."

त्याने त्यांना थर्मनचं नाव कधी सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या खेपेला सांगितलं असेल.

मग त्यांनी बाकीचं समजावलं. इतक्या वर्षांच्या धडकांची खूण काहीच नाही असं नाही. आकडे जुळवायच्या कामात तो जरा संथ आहे. पण चौकात वाट हरवली ती झोपेअभावी आणि गोळ्यांमुळे. डोकं भरलेलं होतं, रिकामं झालेलं नव्हतं. शिबिरातले गुण खाली गेले कारण थकलेल्या डोक्यातून त्याने आणखी मुद्दाम काढून घेतले होते. पुढे काय होईल याची हमी त्या देऊ शकत नव्हत्या, आणि दुसरं कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका म्हणाल्या. आजचं मात्र चांगलं आहे.

 लट्रीसने डोळे मिटले आणि तिचे खांदे इतके खाली आले की इतके दिवस ते वर होते हे तेव्हा मला दिसलं. 

बाई पुढे म्हणाल्या की हा अहवाल खेळाडूचा स्वतःचा आहे. तुम्ही सांगाल त्या संघाला तो पाठवता येईल. यावर कुणी तुम्हाला खेळायला नाही म्हणणार नाही. कुणाला पाठवू?

 जार्विस स्वतःच्या हातांकडे बघत होता. त्याची दोन बोटं कधीच सरळ होत नाहीत. मी मनात म्हणालो, आता हा संघाचं नाव घेणार. तसं केलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. बारावीनंतर त्याने दुसरं काही केलेलंच नव्हतं. पोरगं मैदानावर जेवढं जिवंत असायचं तेवढं दुसरीकडे कुठे मी बघितलं नाही.

"अजून एक हंगाम खेळलो," त्याने विचारलं, "तर पुढच्या वर्षी तुम्ही मला हेच सांगाल?"

"ते मी सांगू शकत नाही."

"मग कुणाला पाठवू नका."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अर्लीन उठली, प्रसाधनगृह कुठे आहे ते तिने बाईंना अदबीने विचारलं आणि बाहेर गेली. बराच वेळ आली नाही म्हणून लट्रीस बघायला गेली. परत येऊन मला कानात म्हणाली, रडत नाहीयेत, आरशासमोर उभ्या राहून एकट्याच हसताहेत, आणि थांबवता येत नाहीये त्यांना.

खाली गाडीपाशी आलो तोच जार्विसचा फोन वाजला. संघांशी करार ठरवणारा त्याचा दलाल होता. उत्तरेकडच्या एका संघाचा मधला लाइनबॅकर आदल्या दिवशी सरावात पडला होता. त्यांना त्या रेडिओच्या शिरस्त्राणासाठी जुना, जाणता माणूस हवा होता, आणि तोही आठवड्याच्या आत. दलाल एवढ्या मोठ्याने बोलत होता की आम्हाला सगळं ऐकू येत होतं. तुझ्या त्या परीक्षेचं काय झालं, एवढं सांग फक्त.

"पास झालो," जार्विस म्हणाला. "म्हणूनच येत नाही."

पलीकडून पुष्कळ बोलणं आलं. त्याने ते सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये हो म्हणाला, दलालाला त्याच्या पोराबाळांचं विचारलं आणि फोन ठेवला. मग गाडीच्या छतावर दोन्ही हात टेकून, मान खाली घालून उभा राहिला. त्याचं रडणं मी तो लहान असताना बघितलं होतं, तेव्हा तो आवाज करायचा. आता केला नाही. लट्रीस त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. अर्लीन दुसऱ्या बाजूला जाऊन पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं करत राहिली. थोड्या वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, भूक लागलीय.

मेंफिसमधून बाहेर पडायच्या रस्त्यावर एक जेवणाची जागा आहे, तिथे थांबलो. तळलेला मासा, चवळी, कोबी, मक्याचा ब्रेड. शिबिराच्या दिवसांत या पोराचं वजन रोज सकाळी काट्यावर बघायचे आणि जास्त भरलं तर दंड करायचे. जुलै-ऑगस्टमध्ये त्याने पोटभर तळलेलं खाल्लेलं मी तो मोठा झाल्यापासून बघितलं नव्हतं. वाढणाऱ्या बाई चांगल्या धिप्पाड होत्या. त्यांनी त्याला ओळखलं. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तू टॉलिव्हर ना? माझा नवरा तुला फार शिव्या द्यायचा, आमच्या संघाच्या पोरांना लोळवायचास म्हणून. यंदा कुणाकडून आहेस?"

"कुणाकडूनच नाही," तो म्हणाला.

हे त्याने परक्या माणसाला पहिल्यांदाच सांगितलं होतं. बोलून झाल्यावर ते शब्द कसे लागतात ते बघावं तसा तो क्षणभर थांबला. बाई वाईट वाटून काही बोलणार होत्या. त्यांनी आमच्या तोंडांकडे बघितलं आणि विचार बदलला.

"मग अजून दोन तुकडे आणू माशाचे?"

"चार आणा," अर्लीन म्हणाली, "आणि ताट मोठं आणा." तिने टोपी काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि स्वतःच्या पुढ्यातली चवळी त्याच्या बाजूला सरकवली.